सॉक्रेटिसाच्या आडून

आमच्या वाडीत ठरलेलं लग्न मोडायचं तर गावकीसमोर तोंडाने सांगावं लागतं. जो सांगेल त्याने मोडलं, असं वहीत लिहितात. मुलाने मोडलं तर बोल त्याच्यावर येतो आणि मुलीचं दुसरीकडे जमतं. मुलीने मोडलं तर पुढचा प्रत्येक पाहुणा चहा प्यायच्या आधी विचारतो, का मोडलंन?

हे ओमकारला चांगलं ठाऊक होतं. साखरपुड्यानंतर चार महिने त्याने फोन उचलला नाही, आणि गावकीच्या बैठकीला मुंबईहून आला तो ग्रीक तत्त्वज्ञ बरोबर घेऊन. त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी एक थोर वचन येतं आणि खाली त्याचा अर्थ. पुस्तक उघडायला नको. माझी भाची दर्शना माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. भाऊ-वहिनी गेल्यापासून तिला मी आत्यानेच वाढवली. रत्नागिरीत औषधांच्या दुकानात नोकरी करते, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"दर्शनाशी लगीन करायचा हाय का नाय, येवढाच सांग," गावकीची वही पुढ्यात घेऊन बसलेले गावकर आप्पा म्हणाले.

ओमकारने घसा साफ केला. "आप्पा, एका तत्त्वज्ञाने म्हटलंय, त्याच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही. अर्थ असा, की नदीही बदलते आणि माणूसही."

पडवीतल्या माना डोलल्या. मला राहवेना.

"नदीचा आसंल तसा," मी म्हटलं. "आमच्या खाडीचा पानी दिवसातना दोनदा जाता नि दोनदा परत येता. तू जातोयस का येतोयस, ता बोल."

त्यावर त्याने सॉक्रेटिस काढला. न तपासलेलं आयुष्य जगण्यालायक नसतं म्हणे. त्याच्या घरचे मुलगी बघायला तीनदा आले होते. तिला चालवून पाहिली, चष्मा आहे का विचारलं, दहावीचे मार्क विचारले. तेव्हा याचं आयुष्य कोणी तपासत नव्हतं.

"पोरगा इचारी हाय," आप्पा कौतुकाने म्हणाले. विचारी! हो किंवा नाही, यातला एक शब्द उचलायला ज्याला अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हातारा लागतो, त्याला आम्ही विचारी नाही, चुकार म्हणतो.

"ओमकार, तुमच्या मनात काय आहे?" दर्शनाने विचारलं.

"मला एवढंच कळतं, की मला काही कळत नाही," तो म्हणाला. "हेही सॉक्रेटिसच. याचा अर्थ..."

मला त्याचा डाव दिसत होता. पोरीचा धीर सुटेपर्यंत तो अशीच वचनं टाकत बसणार होता. मी तिचा हात घट्ट धरला. गप्प राहा, रात्र झाली तरी त्याला बोलू दे. पण तिने हात सोडवून घेतला आणि उभी राहिली.

"मला या माणसाशी लग्न करायचं नाही."

ओमकारने मोबाइल खिशात टाकला. तासाभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून स्वतःचं वाक्य आलं. "आप्पा, मग मुलीकडून नकार असंच लिहा. तारीखपण घाला."

आप्पांचं पेन वहीवर अडलं. मला पोरीचा राग आला होता, रडूही येत होतं. दर्शनाने आप्पांपुढची वही ओढून घेतली आणि मघाचं आपलं वाक्य तारखेसकट स्वतःच्या हाताने लिहिलं.