मधे बोलणारी चिप

मावशी बूट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून भाच्यांच्या वर्कशॉपमध्ये ठाण मांडून बसली होती. दुपारी जलतरण तलावावर अंतिम शर्यत होती, आणि तिची लाडकी शिष्या मासोळी त्यात उतरणार होती.

मावशीनं आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवलं ते शिट्टीनं कमी आणि घशानं जास्त. तिची आरोळी पाण्याखालीही ऐकू येते, असं पोरं छातीठोकपणे सांगत. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला.

तेव्हापासून तिच्या दोघी भाच्या एका खटपटीला लागल्या होत्या. थोरली सर्किट बोर्ड आखणारी, धाकटी त्यांचे प्रोग्रॅम लिहिणारी. सरावाच्या जुन्या व्हिडिओंतून मावशीच्या आरोळ्या वेचून त्यांनी एका मेमरी चिपमध्ये भरल्या होत्या. बोर्ड आणि स्पीकर एका डबीत बसवायचे; डबीवरचं बटण दाबलं की बोर्डावरची मुख्य चिप मेमरीतून हवी ती आरोळी काढून स्पीकरला देणार. सगळं जोडून झालं होतं. आता मुख्य चिपला जागच्या जागी वायर लावून आत प्रोग्रॅम भरायचा, की झालं.

आणि ती चिप काही केल्या दाद देईना. धाकटीनं लॅपटॉपवरून पुन्हा हुकूम सोडला. पडद्यावर तेच लाल अक्षरांतलं वाक्य उमटलं: चिप उत्तर देत नाही.

"केबल बदलून बघ," थोरली म्हणाली.

"बदलली, ताई. आखूडही लावली. वेग कमी केला, सोल्डरचे टाके तपासले, वीज बरोबर पोचतेय."

"मग चिपच मेली असेल."

"तसलीच दुसरी घेतली, नुसती, बोर्डाबाहेर. तिच्यात प्रोग्रॅम सुरळीत गेला. मग तीच या बोर्डावर बसवली, तर लगेच मुकी."

"म्हणजे माझा बोर्ड चुकलाय म्हण की सरळ!"

"मी कुठं म्हटलं?"

मावशीनं टेबलावर थाप मारली. भांडण नंतर, असा तिचा अर्थ दोघींना बरोबर कळला.

धाकटीनं तारेतल्या विजेचा चढउतार पडद्यावर रेघेत दाखवणारा स्कोप ओढून घेतला आणि चिपचं उत्तर ज्या तारेवरून यायला हवं, तिच्यावर त्याची सुई टेकवली. उत्तर येत असेल तर पडद्यावरची रेघ एकदम वर तरी जायला हवी, नाहीतर तळाशी. ही मात्र उडी मारायची आणि अर्ध्यावरच लोंबकळायची. 

"ताई, इकडे ये! चिप उत्तर देतेय!"

"कसलं डोंबलाचं उत्तर? ही रेघ बघ की."

"तेच म्हणतेय मी! एक जण तिला वर ओढतोय, दुसरा खाली. या तारेवर दोघं एकदम बोलतायत. आणखी कोण आहे या तारेवर?"

थोरलीनं बोर्डाच्या नकाशावर बोट फिरवलं आणि ते एका जागी थबकलं. "मेमरी."

"पण तिला गप्प कोण ठेवतं?"

"मुख्य चिपच ठेवते. त्यासाठी वेगळी तार..." थोरली बोलता बोलता थांबली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, प्रोग्रॅम भरताना आपण मुख्य चिपला थोपवून धरतो! तेव्हा ती सगळ्याच तारा सोडून देते. गप्प बसवणारी तारही मोकळी सुटते, आणि मेमरी आपली मधे मधे बडबडते!"

"एक रेझिस्टर! ती तार विजेला वर बांधून टाक, म्हणजे मेमरी गप्पच राहील!"

थोरलीनं सोल्डरिंग आयर्न उचललं. धाकटीनं चिमट्यात खसखशीएवढा रेझिस्टर धरला. तो जागचा हलू नये म्हणून मावशीनं उठून तिचं मनगट घट्ट धरलं. टाका बसला. धाकटीनं लॅपटॉपवरून पुन्हा हुकूम सोडला. पडद्यावरची पट्टी हिरवी होत होत पार शेवटापर्यंत गेली.

थोरली अक्षरशः नाचली. मावशीनं इतक्या जोरात शिट्टी फुंकली की शेजारचा सुतार करवत हातात घेऊन धावत आला.

तलावावर पोचल्या तेव्हा शर्यत सुरू व्हायच्या बेतात होती. इशारा झाला, पाणी उसळलं. वळणावर मासोळी मागे पडली, तशी मावशीनं डबीवरचं बटण दाबलं.

"कोपर वर! कोपर वर, पोरी! आता झोपलीस काय?"

अख्ख्या तलावावर तो आवाज घुमला. प्रेक्षक एकदम उभे राहिले. मासोळीचं कोपर वर आलं, आणि शेजारच्या पट्ट्यातल्या मुलीचंही! दुसऱ्या क्लबात गेलेली ती मावशीचीच जुनी शिष्या होती. दोघी पाणी कापत सुटल्या, आणि बोटभर फरकानं जिंकली ती ही जुनी.

निथळत निथळत दोघी मावशीकडे धावल्या.

"मावशी, मला ओरडलीस ना?" जुनी म्हणाली.

"हो का? मला ओरडली ती!" मासोळी उसळली.

मावशी घाईघाईनं डबीवरची बटणं चाचपू लागली. एकही उपयोगाचं सापडेना.

"शाबासकीचं बटण ठेवायचं राहिलंच गं, ताई," धाकटी कुजबुजली.

"ठेवणार कुठून? सगळे व्हिडिओ पालथे घातले मी. हिनं कधी कुणाला शाबासकी दिलीच नाही."

मावशीनं डबी थोरलीच्या हातात कोंबली आणि दोन्ही ओल्या पोरींना एकदम कवेत ओढलं.