थोरल्यांचा रविवार

माझा साडू शाळेत भूगोल शिकवतो. मी मिसरूड फुटल्यापासून गाड्यांचा पत्रा ठोकतोय. आणि सासऱ्यांच्या जुन्या गाडीचा गंज काढायला बोलावणं कुणाला? भूगोलाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

दर रविवारी हा सकाळीच सासऱ्यांच्या दारात हजर. गाडीशेजारी पोतं अंथरून दोघे बसायचे, पॉलिश पेपरनं गंज घासायचे, भोक दिसलं की त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि वरून रंग. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले की पुन्हा पोतं. लांबीनं गंज मरत नाही, नुसता झाकतो, हे माझ्या गॅरेजातलं कुत्रंही सांगेल. पण जेवताना सासरे म्हणायचे, आमच्या थोरल्यांचा हात फार हलका. मी समोरच बसलेला. खोटं कशाला बोलू, अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको म्हणायची, ताईच्या नवऱ्याचं कौतुक झालं की तुमच्या पोटात का दुखतं? दुखतं. काय करू?

मग एकदा आम्ही सगळे तिथे जमलेलो असताना उजवीकडचं चाक बदलायची वेळ आली. भूगोलानं जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी होती तिथेच. दाराखाली लांबडी पोकळ पेटी असते, तिच्यावर गाडीचा सगळा भार. ती आतून कुजून गेली होती आणि जॅक तिच्यात घुसला होता. भूगोल गोरामोरा झाला. मला इतका आनंद झाला की तोंड लपवायला मी गाडीखाली वाकलो. म्हटलं, बाबा, आता हे लांबीचं काम राहिलं नाही, गाडी माझ्याकडे द्या. सासऱ्यांनी किल्ली दिली.

गिऱ्हाइकांच्या गाड्या मी बाजूला लावल्या. आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडून घेतली, नाहीतर पेटी कापली की गाडी मधेच बसते आणि दारं जन्मात लागत नाहीत. मग ग्राइंडर चालवला. लांबीचे थरावर थर निघाले, प्रत्येक थरात एक जुना रंग. एका थरावर अंगठ्यांचे ठसे होते, एक रुंद, एक सुरकुतलेला. ओली लांबी अंगठ्यानं सारखी करतात म्हणे हे लोक. ती ढेकळं मी पुरावा म्हणून एका डब्यात भरून ठेवली.

चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. नवा पत्रा हातानं वाकवला, वेल्डिंग केलं, घासून सांधा दिसेनासा केला, पाणी निघायला खाली भोकं ठेवली. असं काम मी गिऱ्हाइकालाही दिलेलं नाही.

गाडी परत नेली तेव्हा भूगोलाला मुद्दाम बोलावून घेतलं. जॅक लावून गाडी उचलून दाखवली. एका बोटानं दार ढकललं, ते अलगद लागलं. सासरे पेटीवरून हात फिरवत म्हणाले, सुरेख झालंय. मला तेवढ्यानं कुठलं भागतंय! मी डबा पोत्यावर उपडा केला आणि म्हटलं, हे बघा, एवढी वर्षं गाडी कशावर उभी होती ते.

भूगोल खाली बघायला लागला. सासऱ्यांनी एक ढेकूळ उचललं, चष्मा वर सारला आणि त्यातल्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

"आमची ही गेली ना, त्या वर्षीचं हे," ते म्हणाले. "तेव्हापासून थोरले दर रविवारी येतात."

मग त्यांनी मला विचारलं, हे किती टिकेल? मी छाती पुढे काढून म्हणालो, बाबा, तुम्हाला पुन्हा बघावं लागणार नाही.

"म्हणजे आता काही करायचं उरलं नाही," असं म्हणून त्यांनी ढेकूळ खिशात टाकलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतके दिवस मला वाटत होतं, मला कौतुक हवंय. कौतुक मिळालं आणि माझी नजर गेली त्या पोत्याकडे. दोन माणसांपुरतंच होतं ते.

"डावी पेटीही कुजलीय, बाबा," मी म्हणालो. "पण ती गॅरेजात नको. इथेच करू, रविवारी. वेल्डिंगचं सामान मी घेऊन येतो. पोतं मोठं बघू एखादं."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळतील म्हणून मी पुढे सरकलो. ते भूगोलाकडे वळले.

"काय थोरले, जमेल का तुम्हाला? तुम्ही येणार असाल तरच काढू ते काम."

भूगोल जमेल म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही.