सैल कडीचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. उभे राहणे हे माझे काम आणि पडणे हा माझा स्वभाव.

माझा जन्म शिलाई मशीनखाली झाला. मला शिवणारे काका फार निगुतीने काम करत. पण ते माझ्या चौथ्या कोपऱ्यापाशी आले आणि त्यांना जेवणाची हाक आली. दोरी ओवायच्या तीन कड्या घट्ट बसल्या होत्या, चौथी सैल राहिली. काका जेवून आले ते थेट पुढच्या तंबूला लागले. तेव्हापासून वारा सुटला की मी आधी विचारात पडतो आणि मग मुलांवर.

दर उन्हाळ्यात मला मुलांच्या शिबिरात उभारत. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "कापड बघा, कसलं दणकट!" असे शिबिराचे सर पाहुण्यांना सांगत. पाहुणे कापडाला हात लावून बघत आणि मी त्यांच्यावर पडे. पुढे कौतुक कमी झाले.

एका उन्हाळ्यात माझ्यात चार मुली राहायला आल्या. त्यांतली एक घरातले शेंडेफळ होती. तिची वेणी आजी घालायची, दप्तर दादा उचलायचा, आणि दूध फार गरम नाही ना, हे आई आधी पिऊन बघायची. दुसऱ्याच दिवशी तिने शिबिराच्या ताईंना सांगितले, "मला घरी जायचंय. इथे कुणी माझं काहीच करत नाही."

ताईंनी तिच्या बाबांना फोन केला. बॅग भरून, म्हणजे ताईंकडून भरून घेऊन, तिने दाराबाहेर ठेवली आणि ती माझ्यात फुगून बसली. मला फार वाईट वाटले. पण तिला थांबवायला मला हात नाहीत. मला एकच गोष्ट येते.

वारा सुटला आणि मी पडलो.

बाकीच्या तिघी बाहेर पळाल्या. मधला खांब शेंडेफळाच्या अंगावर कलला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. का धरला, ते तिलाही सांगता आले नसते. धरण्यासारखे जवळ तेवढेच होते.

"ए, सोडू नकोस हं!" बाहेरून एक ओरडली. "आम्ही खुंट्या ठोकतोय!"

"नाही सोडत! पण माझं नाक खाजतंय!"

"मग खाजू दे!"

असे तिला घरी कुणी कधी म्हटले नव्हते. खाजणारे नाक काही वेळाने आपोआप थांबते, हा शोध तिला त्या दुपारी लागला.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी बॅग गाडीत टाकली आणि वाकून आत पाहिले. "चल बाळा, निघूया. आजी वाट बघतेय."

"बाबा, आत्ता नाही जमायचं. मी खांब आहे."

बाबा विचारात पडले. खांबाला घरी कसे न्यावे, हे त्यांना कळेना.

"ती कोपऱ्यातली दोरी ओढा ना, बाबा!"

बाबांनी ओढली. "काका, जरा जोर लावा की!" बाहेरच्या एकीने फर्मावले. बाबांनी गाठ मारली, ती शेंडेफळाने बाहेर येऊन तपासली. "ही बुटाची गाठ झाली, बाबा. सुटेल." मग मैत्रिणींनी तिला दुसरी गाठ दाखवली आणि ती तिने स्वतः मारली.

मी उभा राहिलो. चौघी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांनीच शिवलेला.

"मग, जायचं?" बाबांनी विचारले.

तिने माझ्या सैल कडीकडे पाहिले. "हा परत पडला तर खांब कोण होणार?"

बाबा एकटेच गेले. डोळे पुसण्याच्या गडबडीत ते तिची बॅगही घेऊन गेले. उरलेले शिबिर शेंडेफळाने तिघींच्या कपड्यांत काढले. ती मागायला शिकली, वापरलेले धुऊन परत द्यायला शिकली, आणि वेणी स्वतःची स्वतः घालू लागली. ती घरी पोहोचली तेव्हा आजीने दारातूनच विचारले, "कोण हवंय गं तुला?"

मला मात्र त्याच वर्षी माळ्यावर टाकले. पिशवीतून काढून फेकले की आपसूक उघडणारे नवे तंबू आले. माळ्यावर उंदरांनी माझी विचारपूस केली आणि मला थोडे खाल्लेही.

पुढच्या उन्हाळ्यात शेंडेफळ आले, आपली बॅग आपण ओढत.

"सर, आमचा पडणारा तंबू कुठाय?"

"काढला तो! हे नवे बघ. वादळ आलं तरी हलणार नाहीत."

तिने नव्या तंबूला एक फेरी मारली. "मग आम्ही धरायचं काय?"

सरांनी माळ्याला शिडी लावली. संध्याकाळी मी मैदानावर होतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. मला उन्हात वाळवा, भोकांना ठिगळे लावा, उंदरांना दुसरी जागा बघून द्या. चौथी कडी मात्र घट्ट करू नका. आणि मी पडलेला दिसलो, तर मला उचलायला लगेच धावून येऊ नका. आत कुणीतरी खांब होत असेल.