घट्ट रिंगा

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा, आणि दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. घरात स्वयंपाकघर एक, त्यात शेगड्या दोन आणि बोलणं कामापुरतं, तेही टोमण्यांत. नशीब असं फुटकं की पाण्याचे पंप जोडायच्या कारखान्यातही दोघींची टेबलं एकाच पट्ट्यावर, शेजारी शेजारी आली. थोरली पंपाच्या खाचेत रबराची रिंग बसवायची. धाकटी त्यावर झाकण ठेवून चार स्क्रू आवळायची. तिच्या पुढे टोप्या नावाचा गडी. तो पंप टाकीत बुडवून गळतोय का ते बघायचा.

रिंग म्हणजे मोठी लहरी बया. मऊ निघाली तर बोट लावताच खाचेत जाऊन बसायची. घट्ट निघाली तर अंगठ्याचं साल काढायची आणि तरी एका बाजूने डोकं वर काढायची. दिसायला सगळ्या सारख्याच. पट्टा मात्र कुणासाठी थांबत नसे. माल उशिरा आला किंवा खराब आला की पुढच्याने बटण दाबायचं, आणि मागच्याच्या डोक्यावरचा लाल दिवा लागायचा. थोरलीने यावर आपला तोडगा काढला होता. घट्ट रिंग आली की ती खाचेवर नुसती सरकवायची आणि पंप पुढे ढकलायचा. झाकण आवळलं की रिंग आपोआप बसते, असं तिचं ठाम मत. माझ्यावर कधी दिवा लागलाय का, असं ती तोंड वर करून विचारायची.

धाकटी दिवसभर पुटपुटत असे. "जाऊबाई, तुमचं निस्तरता निस्तरता माझा जन्म जायचा."

थोरली तिकडे लक्ष देत नसे. घरी भांड्यांवरून पुटपुटणारी बाई इथे रिंगांवरून पुटपुटते, त्यात नवल ते काय?

मग मापाडी आला. हे काही त्याचं नाव नव्हे. पण गळ्यात घड्याळ अडकवून लोकांचे हात मोजत फिरणाऱ्या इंजिनिअरला दुसरं म्हणणार तरी काय? पट्ट्यावरचं काम नव्याने वाटायचं आणि एक माणूस कमी करायचं, हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं. लपवाछपवी केली नाही, एवढं त्याच्या बाजूने बोलायला हवं.

आता पट्ट्यावरचा रिवाज असा, की घड्याळ समोर आलं की हात जड करायचा. कामाला वेळ लागतो असं दिसलं की वाटणी जरा सैल होते आणि सगळ्यांचंच निभतं. टोप्याने चहाच्या सुट्टीत प्रत्येकाला बजावूनही सांगितलं. थोरलीने मान डोलावली, पण तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर चाललेलं. धाकटीचा नवरा ट्रक चालवतो, चांगला कमावतो. घरी बसायचं तर धाकटीने बसावं. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याची पाठ ठणठणीत असती तरी थोरलीला हेच हवं होतं. घरी ते तोंड, कारखान्यात तेच तोंड. तिला त्या तोंडाचा वीट आला होता.

मापाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. रिंगांचा डबा उपसला, एकेक रिंग चिमटीत दाबून पाहिली आणि मऊ तेवढ्या एप्रनच्या खिशात भरल्या. मापाडी समोर उभा राहिला तेव्हा तिचे हात जे चालू लागले, ते थांबेचनात.

"शाब्बास, ताई," मापाडी म्हणाला. टोप्याने कपाळाला हात लावला.

धाकटी हात जड करून करून किती करणार? चार स्क्रूच ते. त्या दिवशी तर दोन पंपांच्या मध्ये तिला करायला काही उरतच नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती पट्ट्याकडे बघत बसली, आणि मापाडीने नेमकं तेच टिपून घेतलं.

दोन टेबलांचं एक झालं. रिंग, झाकण, स्क्रू, सगळं थोरलीकडे. निघताना धाकटी तिच्यापाशी थांबली.

"झालं मनासारखं? आता निस्तरा तुमचं तुम्ही."

"तू आपली शेगडी सांभाळ," थोरली म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी घट्ट रिंग आली. थोरलीने नेहमीसारखी सरकवली, झाकण दाबलं, स्क्रू आवळले. टोप्याच्या टाकीत पंपाने बुडबुडे सोडले. थोरलीच्या डोक्यावर दिवा लागला. पुढच्या घट्ट रिंगेलाही तेच. मग तिने रिंग नीट बसवायची म्हणून जोर लावला, तर अंगठा सोलला आणि मागे पंपांची रांग लागली. दिवा पुन्हा लागला. आठवडाभर हेच चाललं. टोप्या बटण दाबताना तिच्याकडे बघतही नसे. रिवाज मोडणाऱ्या बाईची कीव कोण करणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवडा संपताना मापाडीने तिला बाजूला घेतलं. "ताई, मोजलं तेव्हा तर झरझर होत होतं. असंच चाललं तर दुसरं माणूस बघावं लागेल."

त्या संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात धाकटीच्या शेगडीजवळ जाऊन उभी राहिली. आधी पातेलं हलवलं, मग झाकण उचलून ठेवलं.

"ताकाला येऊन भांडं लपवू नका," धाकटी पाठ न वळवता म्हणाली. "काय हवंय?"

"घट्ट रिंग. तुझ्याकडे असताना बसायची. काय युक्ती आहे ती सांग."

धाकटी वळली. "युक्ती कसली डोंबलाची? तुम्ही अर्धवट सरकवून द्यायच्या. मी स्क्रू उरकायचे आणि उरलेल्या वेळात ती मेली रिंग दाबून दाबून बसवायचे. इतकी वर्षं. सांगत नव्हते का रोज? तेवढा वेळ होता माझ्याकडे. तोच तुम्ही कापून टाकलात."

दिवसभराचं ते पुटपुटणं सगळं खरं होतं, हे थोरलीला फार झोंबलं. आणि याच बाईच्या जिवावर आपण तोरा मिरवत होतो, हे त्याहून जास्त झोंबलं.

सकाळी तिने मापाडीला मऊ रिंगांचं आणि घट्ट रिंगा धाकटीच बसवायची तेही सांगून टाकलं. सांगितलं नसतं तरी नोकरी जाणारच होती. मापाडीने वहीतले आकडे खोडले.

"म्हणजे या कामाचा भरवसाच नाही," तो म्हणाला. "इथे मोकळा वेळ ठेवलाच पाहिजे. तुमच्या जाऊबाईंना परत बोलावतो. पण यापुढे तुमच्यावर दिवा लागला, तर मी काही ऐकून घेणार नाही."

धाकटी परत आली. मधलं टेबल पुन्हा मांडलं गेलं. थोरली तिच्याकडे बघून थोडं हसली, पण धाकटी स्क्रूंचा डबा जवळ ओढत होती. पहिले काही पंप सुखाने गेले. मग घट्ट रिंग आली. थोरलीने दोनदा दाबून पाहिली, मागून दुसरा पंप येऊन टेकला, आणि नाइलाजाने तिने ती सरकवून पुढे दिली.

धाकटीने पंप हातात घेतला. रिंगेची वर आलेली बाजू नीट पाहिली. हातातलं आधीचं काम उरकलेलं होतं, वेळ भरपूर होता. तिने पंप टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"अगं, वेळ आहे ना तुझ्याकडे," थोरली हलक्या आवाजात म्हणाली.

"आहे ना," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

मग ती हात मांडीवर ठेवून मापाडी येईपर्यंत शांत बसून राहिली.