गिरणीतला फवारा

शिरीष दुपारी जेवता जेवता फरशीत बुडायला लागला. आधी मांडी गेली, मग कंबर. मालन आमटीची पळी घेऊन वळली तोवर तो छातीपर्यंत फरशीत गेला होता. एक तरंगही उठला नाही. त्याची मान लुळी पडली होती, ओठ निळे झाले होते आणि घशातून मधूनच घोरल्यासारखा आवाज येत होता.

मालन त्याची वहिनी. तिचा नवरा सुरतेला नोकरीला होता आणि घरात ती, सासरे आणि हा धाकटा दीर. शिरीष व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला त्याला फार दिवस झाले नव्हते. हेरॉइनची पावडर कायमची सुटली, असं तो म्हणायचा आणि मालनने ते खरं मानलं होतं. पावडरीने माणसाचा श्वास मंदावला की त्याच्याखालची फरशी मऊ होते, हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक होतं. इतके महिने कोरडा राहिलेला माणूस पुन्हा पूर्वीएवढीच घेईल तर थेट तळाला जाईल, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी निघताना बजावलंही होतं.

तिच्या हाकेसरशी सासरे आतून आले. नाना मुलाशी बोलत नसत. तो केंद्रातून आल्यापासून त्यांनी आपलं ताट वेगळ्या खोलीत घ्यायला सुरुवात केली होती. आता ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी शिरीषला काखेत धरलं. त्यांच्याखाली फरशी दगडासारखी टणक होती. त्यांनी जोर लावला, पण फरशी शिरीषला सोडेना.

मालनने रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी निघते आहे, असं पलीकडच्या बाईने सांगितलं आणि घरात नाकात मारायचा औषधाचा फवारा आहे का, असं विचारलं. नव्हता. मालनला तो आणून ठेवायचा होता, पण नानांनी मोडता घातला होता. घरात ते औषध ठेवणं म्हणजे त्याला पावडरीसाठी पाट मांडून देणं, असं त्यांचं म्हणणं.

"खाली गिरणीत आहे," नाना आता मान वर न करता म्हणाले. "जा."

त्या औषधाचं नाव नॅलोक्सोन. नाकात फवारलं की ते पावडरीला हुसकावतं आणि श्वास परत आणतं. पूर्वी ते दवाखान्यातल्या कपाटात असायचं आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय मिळायचं नाही. आता नगरपालिकेने त्याच्या पिवळ्या पेट्या सलूनमध्ये, वाचनालयात आणि द्वारकाबाईंच्या पिठाच्या गिरणीतही लावल्या होत्या.

नानांनी शिरीषचं डोकं मागे कलवलं, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. शिरीष बोटभर वर आला. मग पुन्हा खाली गेला.

जिना एकाच मजल्याचा होता, पण त्याच्या भिंती जवळ आल्या होत्या. नानांनी श्वास दिला की त्या थोड्या मागे सरत आणि तो संपला की पुन्हा मिटत. मालनने त्याची लय पकडली. भिंती उघडल्या की ती उतरायची, मिटल्या की चुन्याला गाल लावून उभी राहायची. उभ्या उभ्या ती गिरणीत विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं जुळवत होती. कुणाला हवंय? पाहुणे आलेत त्यांना. डॉक्टरांचा कागद कुठे आहे? घरी राहिला. घरात असं कुणी आहे का? छे, आमच्याकडे नाही.

शेवटच्या पायरीपाशी भिंती उघडायच्या थांबल्या. हात जाईल एवढीच फट उरली. मालनने त्यात खांद्यापर्यंत हात घातला. पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता आणि ताज्या पिठाची ऊब तिच्या बोटांना लागत होती.

"द्वारकाबाई, ती पेटी," ती म्हणाली.

पट्टा थांबला. ती प्रश्नाची वाट पाहत राहिली. तिच्या तळव्यावर काहीतरी हलकंसं ठेवलं गेलं आणि एका खरखरीत हाताने तिची बोटं त्यावर मिटवली.

"एका नाकपुडीत घालून पूर्ण दाब," द्वारकाबाईंचा आवाज आला. "मग कुशीवर घे. गाडी येईपर्यंत सोडू नको."

"नाव सांगायचं का?"

"कशाला?"

मालनने मिटलेली मूठ फटीतून ओढून घेतली. जुळवलेली सगळी उत्तरं अजून तिच्या तोंडात होती. तिने ती पायरीवर थुंकली. जोंधळ्यातून निघतात तसे बारीक खडे होते ते.

ती अंग तिरकं करून वर चढली. नाना दमले होते आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. फरशीवर आता शिरीषचा नुसता चेहरा उरला होता, ताटाशेजारी ताटाएवढाच. मालनने फवाऱ्याचं टोक नाकपुडीत घातलं आणि दाबलं. काही झालं नाही. नानांनी पुन्हा श्वास दिला, मग आणखी एक. आणि मग एक श्वास शिरीषचा स्वतःचा आला, पाणी लागण्याआधी हातपंप ओरडतो तसा. कान वर आले. गळा आला, खांदे आले. नानांनी काखेत हात घालून ओढलं आणि या वेळी फरशीने सोडलं.

त्यांनी त्याला कुशीवर घेतलं. तो थरथरत होता, त्याला मळमळत होतं आणि तो चिडला होता. कशाला उठवलंत, असं तो पुटपुटला.

नानांनी ताट त्याच्याजवळ सरकवलं.

"ताटात अर्धी भाकरी राहिलीय तुझी," ते म्हणाले.

शिरीषने डोळे मिटले आणि डोकं वडिलांच्या मांडीवर टेकवलं. त्याची छाती वर होत होती, खाली होत होती. मालन ओट्याला पाठ लावून खाली बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच येत होतं आणि ते आवरत नव्हतं. लांबवर गाडीचा भोंगा ऐकू आला.

शिरीषचा डावा हात मात्र कोपरापर्यंत फरशीतच होता. नानांनी तो काढून घ्यायला सांगितलं.

"निघत नाही," शिरीष म्हणाला. "कुणीतरी धरलाय."

मालनने वाकून ओढलं. त्याचा तळवा बाहेर आला आणि त्याच्या तळव्यात दुसरा तळवा होता. मागोमाग मनगट आलं, हिरव्या काचेच्या बांगड्यांचं. नखं शिरीषच्या ओठांसारखीच निळी होती. त्या इमारतीत तसल्या बांगड्या कुणीच घालत नव्हतं.

मालनने ते मनगट घट्ट धरलं आणि खाली हाक मारायला दाराकडे वळली. दारापाशी जिन्याच्या भिंती मिटल्या होत्या. मधल्या फटीतून एक हात आधीच वर आला होता, खांद्यापर्यंत पिठाने पांढरा, मिटलेल्या मुठीत आणखी एक फवारा.