मेतकुटाचं वाण

त्या शनिवारी मालिनी काळी चंद्रकळा नेसून बाहेर आली, तेव्हा श्रीरंगने पेपरातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं. नवउद्योजकांच्या मेळाव्याला चंद्रकळा नेसून कोणी जात नाही, हे त्यालाही कळत होतं. पण रथसप्तमी अजून व्हायची होती आणि संक्रांतीच्या दिवसांत मालिनीला कोणी शिकवायला जाऊ नये.

नवराबायकोत करार ठरला होता. श्रीरंग बँकेतून निवृत्त झाल्यापासून मुलाने, वेदांतने, पुण्याहून धोशा लावला होता, आता लखनौ पुरे, इकडे या. मालिनीचा पाय काही अलीगंजातल्या घरातून निघेना. मेतकूट विकेन, पण इथेच राहीन, म्हणाली. "मेळाव्यातून एक जरी ऑर्डर आणलीस तर राहू," श्रीरंग म्हणाला, "नाहीतर बांधाबांध." मग त्यानेच तिच्या नावाचे आणि फोन नंबरचे स्टिकर छापून आणले. पुड्यांना तिथे गेल्यावर लाव, आत्ता लावलेस तर पिशवीत निघतील, असंही बजावलं.

गोमती नगरच्या हॉटेलात तिच्या गळ्यात 'फाउंडर' असा पट्टा अडकवला गेला. ज्या बड्या गुंतवणूकदाराच्या नावावर गर्दी जमवली होती, त्याचा फक्त व्हिडिओ आला. हॉलभर विकणारेच. कोणी विमा विकत होतं, कोणी ॲप, एक जण तर उद्योजक कसं व्हावं याचा कोर्स विकत होता. घेणारा औषधालाही नव्हता. हातात कार्ड कोंबायचं आणि नजर पुढच्या माणसावर, असा सगळा मामला. मंचावर बोलायला प्रत्येकाला एक मिनिट होतं. मालिनीचं नाव आलं तेव्हा माइकवाल्याने जेवणाची सुट्टी जाहीर केली.

ती भिंतीशी उभी राहिली. समोर काळे कोट, काळे कुर्ते घातलेल्या पोरीच पोरी. आणि तिला एकदम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरलेली आपली अलीगंजची बैठक आठवली. बख्शी का तालाबहून एअरफोर्सच्या बायका गाडी भरून यायच्या, बँकेतल्या यायच्या, सगळ्या काळ्या साड्यांत. श्रीरंग चपलांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत दूध आटवायला पळायचा. कोण कुठे बदलून गेलं, कोण मुलांकडे गेलं, आणि मागच्या वर्षी वाण घ्यायला एकटी शेजारची श्रीवास्तवभाभी आली.

तिने पिशवी उघडली आणि जवळच्या पोरीच्या ओंजळीत पुडी ठेवली.

"आंटी, ये खाते कैसे हैं?"

"गरम चावल, घी, और ऊपर से ये."

"कितने का है?"

"अरे, पैसे कैसे? संक्रांत है."

वाण देताना कोणी भाव सांगतं का? हॉलभर फिरून तिने एकेकीला पुडी दिली. एकीने तिथेच पुडी फोडून चाटली आणि डोळे मिटले. मालिनीला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पिशवी रिकामी झाली, तेव्हा तळाशी स्टिकरचा गठ्ठा दिसला. जसाच्या तसा.

ई-रिक्षात ती सगळी वाट रडत आली. ज्या शहरात राहण्यासाठी धडपड केली, ते तिने स्वतःच्या हाताने वाटून टाकलं होतं.

घरी आल्यावर तिने गठ्ठा श्रीरंगपुढे ठेवला. "एकही ऑर्डर नाही. वाणासारखं लुटून आले. वेदांतला कळवा, येतोय म्हणून."

श्रीरंगने चष्मा काढला. "त्याला सकाळीच कळवलं. येत नाही म्हणून."

"सकाळी? मग मला कशाला पाठवलंत?"

"तू निघालीस आणि मी लगेच फोन केला. तुला चंद्रकळेत पाहिलं ना." तो चष्मा पुसू लागला. "मागच्या वर्षी तू ती नेसलीच नव्हतीस. भाभी आली तर गाउनवरच वाण दिलंस. मी समजलो, आता इथलं सगळं संपलं. म्हणून वेदांतचं ऐकत होतो."

मालिनी पदराने डोळे पुसून उठली आणि तिने डाळीचा डबा खाली काढला.

"रथसप्तमीला गल्लीतल्या सगळ्यांना बोलावते," ती म्हणाली. "दूध तुम्ही आटवायचं."