संगणकाची खांदमळणी

मित्रांनो, अंजनगाव सुर्जीच्या पेठेत अन्सारभाईंचे लग्नाच्या व्हिडिओंचे दुकान आहे. तिथे कोपऱ्यात चादर पांघरून जो मंद घरघरतो तो मी, वार्धक्याकडे झुकलेला संगणक. चादर धुळीसाठी आहे. मी मात्र तिला सत्काराची शाल समजतो.

अकोल्याच्या एका दुकानात सुट्या भागांतून माझा देह सांधला गेला. लग्नसराईत मी अखंड राबत असे. नवरदेवावर गुलाबपाकळ्यांचा पाऊस, नवरीच्या डोळ्यांत सूर्यास्त, वरातीमागे हिमशिखरे, हे सारे माझे कर्तृत्व. पाठ मात्र अन्सारभाईंची थोपटली जाई. सराई सरली की माझ्या माथ्यावर चहाचे कप विसावत.

अन्सारभाईंची मुलगी गजाला हिला हे सलत असे. तिने मला एका नव्या बाजारात नोंदवले. त्या बाजाराला फाटक नाही, अडत्या नाही. ज्याचा संगणक रिकामा आहे त्याने त्याचे बळ भाड्याने द्यावे, ज्याला गरज आहे त्याने घ्यावे. एकच मोठे काम घरोघरचे संगणक वाटून घेतात. अन्सारभाईंना काही उमगेना. शेजारचे नत्थुजी मात्र लगेच म्हणाले, "समजलं! सावड हाय. एक बैल याचा, एक त्याचा, अन् वखर दोघायचा."

उपमा मला मानवली नाही, बाजार मानवला.

त्या वर्षी नत्थुजींची संत्र्याची बाग वाळू लागली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती समूळ तोडायला माणसे सांगून झाली होती. अकोल्याला शेतीचे शिक्षण घेणारी त्यांची नात सीमा कासावीस झाली. तिने झाडान् झाडाचे फोटो काढले. रोगी कोणते, वाचण्याजोगे कोणते, हे त्यांतून निवडायचे होते. पण कॉलेजच्या संगणकापुढे रांग, आणि शहरातल्या कंपनीचे भाडे न परवडणारे.

"काम बाजारात टाक," गजाला म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यालेही वाटा भेटन."

म्हातारा म्हणजे मी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही जुंपलो.

त्याच संध्याकाळी नत्थुजी बैलांचे दमलेले खांदे चोळून, म्हणजे खांदमळणी उरकून, उरलेल्या हळद-लोण्याची वाटी घेऊन दुकानात आले. "हाही भाड्यानं राबते म्हनतेत. मंग यानं काय पाप केलं?" म्हणत त्यांनी माझी पाठ चोळली. थोडे लोणी पंख्यात गेले. इतका स्निग्ध सन्मान मला कधी लाभला नव्हता, आणि इतका मी कधी गुदमरलोही नव्हतो.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते अदबीने म्हणाले. पोळ्याच्या सकाळी येऊन त्यांनी माझे बटणच बंद केले. "आज जू नाही!"

पुढचे मी शुद्धीवर आल्यावर गजालाकडून ऐकले. सीमा धावत आली होती. "आबाजी, काय केलं तुमी? त्याच्यात तुमचीच बाग पाहून राहिली होती मी!"

"मले काय माहीत, माई? मले वाटलं, कोनाचं लगन असन."

सीमाला रडू कोसळले. उद्या कुऱ्हाडी येणार होत्या. गजालाने मोबाईल पाहिला आणि तिला हलवले. "रडू नको. याचा वाटा बाजारातल्या दुसऱ्या संगणकानं उचलला."

दुपारी उत्तर आले. नाल्याकाठची ओळ तेवढी गेलेली, बाकी बाग औषधपाण्याने जगणारी. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी तेवढ्या ओळीवरच चालल्या.

अन्सारभाईंनी अत्तराच्या बोळ्याने माझा पंखा पुसला. "नत्थुजी, तुमची दुआ पंख्यात अटकली होती."

नत्थुजींचे लक्ष नव्हते. "माई, याच्या जागी जो जुपला, त्याचं गाव कोनतं?"

"ते कोनालेच माहीत नसते, आबाजी."

मग पुरणपोळीचे ताट त्यांनी माझ्यापुढे ठेवले. "याच्यातूनच पोचव त्याले."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा संगणक रिकामा असेल तर त्याची धूळ झाडा, त्याच्या वाऱ्याला वाट ठेवा, आणि त्याला कुणाच्या तरी जोडीला लावा. कुठल्याशा अनोळखी शिवारातली सावली त्याच्यामुळे उरेल. आणि तो माझा जोडीदार तुमच्याच घरी असेल, तर कृपया लवकर कळवा. ताटाला मुंग्या लागू लागल्या आहेत.